तिसऱ्या फोटोतला बाळ्या

आधी बुधीमावशीचं नाव घेतो, बाकीचं सगळं मागून. खर्डी स्टेशनातून रिक्षानं आत गेलं की जिथं डांबर संपतं, तिथून पुढच्या पाड्यातल्या शेवटच्या कुडाच्या घरातली बुधीमावशी. तिनं मला जेवू घातलं, ओटीवर झोपायला जागा दिली, हातात मोबाईल दिला, आणि एका दुपारी सगळ्या पाड्यासमोर ती दोन शब्द बोलली. त्या शब्दांवर मी आजपर्यंत उभा आहे. हे पहिल्यांदा लिहून टाकलं, कारण पुढे जे येणार आहे त्यात भीतीच फार आहे. भीती आठवत बसलं की उपकार मागं राहून जातात, असा माझा अनुभव आहे.

हळवं भात कापून झालं की इथं मुरबाडच्या बाजारात माणसांच्या अंगाला पेंढ्याचा वास येऊ लागतो. स्टुडिओत पासपोर्ट फोटोला कुणी बसतं, मी त्याची हनुवटी जरा वर करायला जवळ जातो आणि कॉलरीतून तो वास येतो. कोरडा, गोडसर, नाकात खुपणारा. मग त्या माणसाचा चेहरा मला नीट दिसत नाही. हात आपले शिकल्यासारखे काम करत राहतात. बटण दाबतो, "झालं काका" म्हणतो, पण मी तिथं नसतो. मी एका खाचराच्या बांधावर उकिडवा बसलेला असतो आणि समोरून एक मुलगा हात पसरून, हसत, माझ्याकडे धावत येत असतो.

परवा त्याच मुलाचा फोन आला. बाळ्याचा.

"ए हिंगोली, रविवारी ये. लाल-निळे. कोंबडा ठरलाय."

"दुकान आहे रे रविवारी."

"मंग दुकानाला सांग, तुजा फोटो काढून ठेव. ये गप."

मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. 

लाल आणि निळे म्हणजे दूरदेशातल्या दोन फुटबॉल क्लबांचे भक्त. पाड्यातल्या कुणी तो देश पाहिलेला नाही, क्लबांची नावंही तिथल्या जिभेला वळतील तशी वळवून घेतलेली. पण मोबाईलवर सामना झाला की दुसऱ्या दिवशी भात झोडताना खळ्यावर लाल एका बाजूला, निळे दुसऱ्या बाजूला. भारे उचलतानाही एकमेकांना हात देणार नाहीत. सख्ख्या भावांनी लाल आणि निळे होऊन चुलीच्या दोन अंगांना बसून भाकरी खाल्लेली मी पाहिली आहे. आणि कापणी उरकली, खाचरं मोकळी झाली, की हे सगळे एक दिवस प्रत्यक्ष समोरासमोर उतरतात. मैत्रीचा सामना. हरेल त्यानं गावठी कोंबडा शिजवायचा आणि जिंकणाऱ्याला आधी वाढायचा. बस.

हे फुटबॉलचं वेड पाड्यात आणलं एकूनं. एकू म्हणजे बुधीमावशीचा मुलगा, एकुलता. आश्रमशाळेत असताना तो खेळायला शिकला आणि सुट्टीत येऊन सगळ्यांना शिकवलं, असं सांगतात. मी त्याला पाहिलं नाही. मी पाड्यावर गेलो तेव्हा एकूला जाऊन वर्ष व्हायचं होतं. आदल्या कापणीच्या तोंडावर, त्यांच्याच खाचरात गवत काढताना, त्याला फुरसं जातीचा विषारी साप चावला. त्या वर्षी सामना झाला नाही. ते खाचर पाड्यातलं सगळ्यात मोठं आणि सपाट. खेळायचं तर तिथंच.

मी नववीत शाळा सोडली. का सोडली ते इथं लिहीत नाही, सगळ्यांची कारणं सारखीच असतात. हिंगोलीकडून निघालो तो आटगावजवळ हायवेच्या एका गोदामात हमालीला लागलो. पावसाळा अर्धा झाला नाही तोच काम थांबलं. काम गेल्यावर खोलीही गेली. माझ्या साध्या बटणांच्या फोनवर आई विचारायची, "जेवलास का लेकरा?" मी म्हणायचो, "जेवलो." बापानं गावात सांगून ठेवलं होतं की पोरगा कंपनीत आहे, त्यामुळे परतायचं तोंड नव्हतं. कुणीतरी म्हणालं, खर्डीकडे आत पाड्यांवर कापणीला माणसं लागतात. कापणीला अजून अवकाश होता, हे मला शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. पण भुकेल्या माणसाला सगळी शेतं पिकलेली दिसतात.

त्या पाड्याच्या बोअरिंगवर मी पाणी पीत होतो. एक बाई रस्त्याच्या कडेला उभी होती, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जेवाला बसशील का रे?"

कुणाकडे, कशाला, काही न विचारता मी हो म्हणालो.

शेणानं सारवलेली ओटी. पाट मांडलेला. केळीच्या पानावर भात, अळूची भाजी, वडे, खीर. मला वाटलं सण असेल. एक घास काढून तिनं बाहेर कावळ्याला ठेवला, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी खाली मान घालून खात होतो. तिनं खिरीचा डाव पानावर रिता केला आणि म्हणाली, "घे ना. तुला लई आवडाची."

आवडायची. घास हातातच राहिला.

गेलेल्या माणसाच्या नावानं त्याच्या वयाचं कुणी जेवायला बसवतात, तो जेवला की गेलेला जेवला, हे आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडे पितर म्हणून बसलेले मी पाहिले ते सगळे म्हातारे. दात नसलेले, खिरीवर खूश. माझ्या वयाचा पितर मी पाहिला नव्हता. समोर भिंतीवर प्लास्टिकचा हार घातलेला एक फोटो होता आणि त्यातला मुलगा माझ्याकडे पाहत होता. नंतर बाळ्यानं सांगितलं की मावशी आधी त्यांच्याकडेच गेली होती. पाड्यात एकूच्या वयाचे जितके, तितके त्याचे मित्र. प्रत्येकानं हात जोडले. एकूच्या पाटावर बसून घास उतरणार नाही, म्हणाले. म्हणून ती अनोळखी माणसाची वाट पाहत रस्त्याला उभी राहिली होती.

मी ते जेवण पूर्ण केलं. भूक होती. आणि तिच्या हातात डाव तसाच होता, मी उठलो असतो तर तिनं तो कुठं ठेवला असता?

त्या दुपारी पाऊस कोसळला आणि मी ओटीवरच अडकलो. ओले कपडे पाहून तिनं दांडीवरचा एक शर्ट काढून दिला. तो मला बेतून शिवल्यासारखा बसला. "भात कापाला घरात मानूस नाय," ती पावसाकडे बघत म्हणाली. "ऱ्हातोस का?" मी राहिलो. त्याच्या ओटीवर, त्याच्या गोधडीत. त्याच्या चपलाही मला आल्या.

पाड्याला हे आवडलं नाही, आणि मी पाड्याला दोष देत नाही. गोमाआजा तिथले जाणते. ते सकाळी कोऱ्या चहाला मावशीच्या दारात आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "बुधे, पितर जेवला का त्यानं जायाचा असते. त्याला घरात ठेवत नाय. तू त्याला धरून ठेवलास तर तुजा पोर कुठं जाल?"

"जाल कुठंतरी," मावशी म्हणाली. "हा गेला तर भात कोन कापल? तू?"

गोमाआजा हसले नाहीत. "कापनी हू दे. मंग बघू."

म्हणजे माझी मुदत कापणीपर्यंत. हे मला त्या दिवसापासून माहीत होतं, मावशीलाही, आणि सगळ्या पाड्याला. भात पिवळं पडत होतं आणि मला ते पिवळं पडायला नको होतं. शेतकऱ्याच्या मुलानं असं मनात आणू नये. मी रोज आणत होतो.

पण खरी भीती वेगळी होती, आणि ती नीट सांगता येते का ते आजही मला माहीत नाही. मावशी मला कधी नावानं हाक मारायची नाही. "अरे" म्हणायची. "ये रे." "जेव रे." पाड्यातली पोरं मला हिंगोली म्हणत. दिवस जात गेले तसं मला माझं नाव परक्यासारखं वाटू लागलं. विहिरीवर बाया माझ्याकडे बघत आणि लगेच नजर काढून घेत. बाळ्या, जो एकूचा जिवलग, तो बोलताना माझ्या खांद्यापलीकडे पाहायचा. कापताना मी विळा कसा धरतो ते कुणीतरी थांबून बघत राहायचं. एकदा घरी फोनवर मी आईला सगळं सांगून टाकलं.  पलीकडे ती रडायला लागली. "जित्तं लेकरू माझं, मेल्याच्या पानावर बसलं! तू निघ तिथनं. मी काय मेले का?" मी तिला सांगू शकलो नाही की इथं मला दोन वेळा भाकरी मिळते, सुकट मिळते, आणि संध्याकाळी कुणीतरी माझी वाट बघतं. कुणाची बघतं हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत नव्हतो.

भारे वाहून झाले. खळ्यावर भाऱ्यांची उडवी रचली गेली. मग एक दिवस लाल आणि निळे दोघं मिळून मावशीच्या दारात आले. बाळ्या लालांचा, संत्या निळ्यांचा. एकत्र आलेले पाहूनच काहीतरी विशेष असल्याचं कळत होतं.

"मावशे," बाळ्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "खाचर देशील काय? नाय बोललीस तरी चालल."

मावशी तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही. "भाताचे बुडखे नीट तासा. पाय कापाल."

संत्या मोकळा झाला, पण बाळ्या तिथंच उभा. "आमी लाल एक कमी हाव," तो म्हणाला, आणि त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "हा एकूच्याच मापाचा हाय. एकूचा जर्सी याला दिलास तर..."

सूप आता थांबलं. दांडीवर, गोधडीमागे, ती लाल जर्सी घडी करून ठेवलेली होती. मी रोज तिच्याखाली झोपायचो. मला आत्ता उठून पळावं असं वाटलं. ती जर्सी एकदा अंगात घातली की मग तिच्यातून मी मी म्हणून परत निघणार नाही, हे मला कळत होतं. पाठीवर नंबर, समोर पाड्याची सगळी माणसं, आणि माझ्या पायाखाली ते खाचर.

"तो नाय खेळत," मावशी म्हणाली.

"मंग काय करल? नुसता बसल?"

मावशी आत गेली. कणगीमागून एक फडकं काढून आली, आणि त्यातून एकूचा मोबाईल. काच एका कोपऱ्यात तडकलेली. बंद पडू नये म्हणून ती तो कधीमधी शेजारच्या घरी नेऊन चार्ज करायची, हे मला तेव्हा कळलं. तिनं तो माझ्या हातात ठेवला.

"फोटो काढल."

"निळ्यांचे चांगले काढ," संत्या म्हणाला. "लालांचे तोंडावरून आधीच बिघडलेले हान."

"तुजा काढाला तर फोनची उरलेली काच फुटल," बाळ्या म्हणाला. सगळे हसले आणि गेले. मोबाईल माझ्या हातात गरम होत होता.

खेळाच्या रेषा राखेच्या. घरोघरच्या चुलीतली राख पाटीत गोळा करून, मुठीनं सोडत सोडत, पूर्ण खाचराभोवती. मावशीच्या चुलीतलीही राख तिच्यात होती. बांबूचे गोलखांब, वर सुंभ ताणलेला. बुडखे तासले तरी टोकं राहतातच, पण तिथल्या पायांना त्याचं काही नसतं. बांधावर बाया, म्हातारे, शेळ्या. लालांच्या आया एकीकडे आणि निळ्यांच्या दुसरीकडे, कारण शिव्या द्यायला अंतर लागतं. "ए काळ्या, चेंडूला पाय लाव, चेंडू तुला चावत नाय!" असं कुणीतरी ओरडलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. चावण्याचं बोलणं त्या खाचरात करायचं नव्हतं. क्षणभर सगळा बांध गप्प झाला आणि मग पुन्हा आरडाओरडा, मुद्दाम थोडा जास्तच मोठा.

मावशी बांधाच्या दुसऱ्या टोकाला, आसाण्याच्या झाडाखाली. एकू गेल्यानंतरचा हा पहिलाच सामना, आणि ती बघायला आली होती.

मी एक कोपरा पकडून उकिडवा बसलो. तिथून गोल चांगला दिसत होता, एवढंच. फोटो काढायला लागलो आणि काय झालं कोण जाणे, भीती उतरली. आजवर सगळे माझ्याकडे बघत होते, आता बघण्याची पाळी माझी होती. काचेतून राख उडताना दिसायची, संत्याच्या मानेवरचा घाम, लालांचे पाय राखेनं पांढरे आणि निळ्यांचेही पांढरे. गुडघ्याखाली सगळे एकच दिसत होते. मला पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्या जागेवर बसलेलो नाही.

मग बाळ्यानं गोल केला.

बोट बटणावर दाबून ठेवलं की तो मोबाईल भराभर फोटो काढायचा. माझं बोट दाबलेलंच होतं. पहिल्या फोटोत बाळ्या हात पसरून माझ्याकडे धावत येतोय, तोंडभर हसतोय, आणि त्याचं तोंड एक नाव घेण्यासाठी उघडलं आहे. दुसऱ्या फोटोत तो जवळ आला आहे आणि हसू अर्धं राहिलं आहे. डोळे माझ्या शर्टावर, पायातल्या चपलांवर. तिसऱ्या फोटोत तो उभा आहे. हात खाली. तिसऱ्या फोटोत त्यानं मला ओळखलं आहे.

"एकूऽऽ!" अशी त्याची हाक तोपर्यंत सगळ्या खाचरावर पसरून गेली होती.

नंतर कळलं, गोल झाला की बाळ्या नेहमी याच कोपऱ्याकडे धावायचा. एकू दमला की इथं येऊन असाच उकिडवा बसायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार?

चेंडू गोलात तसाच पडून होता. लाल थांबले, निळे थांबले. गोमाआजा उठून उभे राहिले. आणि मग एकेक करून सगळ्यांनी माझ्यावरची नजर काढून आसाण्याच्या झाडाकडे वळवली. मीही. मोबाईल खाली घ्यायचं सुचलं नाही. त्या क्षणी तिनं मला एकू म्हटलं असतं, तर मी एकू झालो असतो. मी विरोध केला नसता, एवढं तिचं माझ्यावर होतं. आणि तिनं तोंड फिरवलं असतं, तर संध्याकाळी मला पाडा सोडावा लागला असता. दोन्ही मला दिसत होतं.

मावशी उठली नाही. तिनं पदर सारखा केला आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की लांबच्या बांधापर्यंत ऐकू गेलं.

"तो हनमंत हाय!"

मग जरा थांबून, नेहमीच्या आवाजात, "बाळ्या, रडाचा असेल तर घरी जा. नाय तर खेळ."

मी माझं नाव तिला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर आईशी बोलताना तिनं ऐकलं असणार, आणि ठेवून दिलं असणार, त्या मोबाईलसारखं, फडक्यात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मी मोबाईल तोंडासमोर धरला. त्याचा हा उपयोग मी त्या दिवशी शिकलो आणि अजूनही लग्नांमध्ये पाठवणीच्या वेळी करतो.

बाळ्या खेळला. कोण जिंकलं याच्यावर आजही भांडणं आहेत. कोंबडा मात्र शिजला. गोमाआजांनी पातेल्यातून एक तुकडा निवडला, माझ्या ताटलीत टाकला आणि म्हणाले, "घे. जिता मानूस जेवतो तसा जेव. पितरासारका खाली बघून नको." माझ्या जाण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी राहिलो. त्याच मोबाईलमधले फोटो दाखवून मला मुरबाडच्या स्टुडिओत काम मिळालं, आणि मग मी माझ्या पायांनी निघालो. मावशीनं रस्त्यापर्यंत येऊन एसटीला हात दाखवला.

फोटो छापून मी पहिल्यांदा तिच्याकडे नेले तेव्हा ती ओटीवर बसून एकेक लांब धरून बघत होती. बाळ्याचा तो तिसरा फोटो तिनं बराच वेळ पाहिला.  माझ्याकडे तो आजही आहे, आणि मी तो स्टुडिओत लावू शकत नाही. फोटोतला माणूस माझ्याकडे बघतोय आणि त्याच्या डोळ्यांतून कुणीतरी नुकतंच निघून गेलंय. मी असंख्य चेहरे काढले, पण तसे डोळे पुन्हा मिळाले नाहीत. मिळू नयेत.

"यात तू कुठंस?" मावशीनं विचारलं.

"मी काढले ना मावशी. मी कसा असणार?"

"मंग तुजा एक आन. भिंतीला लावते."

मी मान डोलावली. तिच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. तिच्या नवऱ्याचा आणि एकूचा. त्या घरात गेलेलीच माणसं भिंतीवर जातात. दर वेळी ती विचारते, "आनलास?" आणि मी म्हणतो, स्टुडिओवाल्याचाच फोटो राहून जातो बघ मावशी. ती हसते. तिला कारण कळत नसेल असं मला वाटत नाही. ज्या बाईनं सगळ्या पाड्यासमोर मला जित्या माणसांत बसवलं, तिच्या भिंतीला मी अजून घाबरतो, हे लिहितानाही लाज वाटते.

ती आता वाकली आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, असं बाळ्या सांगतो.

मावशे, या रविवारी माझ्याच्यानं झालं नाही तर पुढच्या भाताला. पण एक दिवस मी तुझ्या शेजारी बांधावर उभा राहीन, बाळ्याच्या हातात कॅमेरा देईन, आणि तो काढेल तो फोटो, तुझा आणि माझा, हार न घालता, तुझ्या भिंतीवर माझ्या हातानं खिळा ठोकून लावीन. तुला नीट दिसेल इतका मोठा करून आणीन.